भांड्याला भांडं लागू नये म्हणून

माझ्या हुद्द्याचं नाव 'जंतुसंसर्ग नियंत्रण परिचारिका' असं आहे. नांदेडच्या आमच्या दवाखान्यात ते एका दमात कुणालाच म्हणता येत नाही, मलाही नाही. सफाईच्या मावशी मला 'जंतूच्या सिस्टर' म्हणतात. नव्या पोरी पाठीमागे 'हातधुवा बाई' म्हणतात, आणि मी कॉरिडॉरच्या टोकाला दिसले की धडाधड नळ सुरू होतात. मला त्यात मजा वाटते हे कबूल करते. एखाद्याच्या हात धुवून मागे लागणं म्हणजे काय ते माझ्याकडे बघून शिकावं. सर्जन लोकांच्या मनगटावरच्या घड्याळांवरून आणि अंगठ्यांवरून मी भांडणं काढलेली आहेत. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि तो मास्कमधूनसुद्धा दिसतो, असं आमचे मुलांचे डॉक्टर म्हणतात.

हे डॉक्टर लातूरचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही. फार चिडले तर चष्मा काढून ॲप्रनच्या टोकाला पुसत बसतात. एवढ्या वर्षांत मला त्यांच्या शिव्या कळाल्या नाहीत, पण चष्मा कळायला लागलाय.

त्या वर्षी महालक्ष्म्या उठून दोनच दिवस झाले होते. मुलांच्या वॉर्डात दोन नंबरच्या खाटेवर चार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. पोटात मुरडा, ताप आणि रक्ताची आव. आई शाळेत शिक्षिका, तिला रजा मिळत नव्हती, म्हणून उदगीरहून सणाला लेकीकडे आलेली आजीच त्याच्याजवळ राहिली. कपाळावर ठसठशीत विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. मी सलाइनचा थेंब बघायला गेले तर आधी हात जोडून, आम्हा लिंगायतांत नमस्कार करतात तसं, 'शरणार्थ' म्हणाली. माझ्याही तोंडून आपोआप 'शरणार्थ' गेलं. झालं, तिनं ओळखलं.

"कुठली गं तू, अव्वा?"

"चाकूरची."

"चाकूरची? कुणाची?"

मी वडिलांच्या किराणा दुकानाची खूण सांगितली. तिनं माझा हात धरून मला खाटेवर खाली बसवलंच. "अगं, माझ्या माहेरचा सगळा बाजार तुमच्या दुकानातून जायचा! तुझा बाप तराजू धरायचा तेव्हा आम्ही पोरी पुढ्यात उभ्या असायचो." त्या क्षणापासून मी सिस्टर राहिले नाही. मी तिच्या माहेरची झाले. नांदेडात इतकी वर्षं काढली, पण वडील गेल्यापासून त्यांच्या तराजूबद्दल कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. मला तिच्याजवळून उठावंसं वाटेना, हे खरं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुढच्या तीन दिवसांत वॉर्डाचं रंगरूप बदललं. चार नंबरवरचा मुलगा दम्यासाठी आला होता, त्याला आव झाली. सात नंबरची मुलगी पाय मोडून आली होती, तिलाही झाली. मग पाच नंबर. प्रयोगशाळेतून निरोप आला की सगळ्यांच्या पोटात एकच जंतू आहे. आजार घेऊन कुणी दवाखान्यात येणं हे रोजचंच आहे. पण दुसऱ्या आजारासाठी आलेल्या लेकराला आमच्याच छपराखाली नवा आजार लागणं, ही आमची चूक. आणि ती चूक होऊ न देण्यासाठीच मला पगार मिळतो.

पाच नंबरवर दोन वर्षांची एक मुलगी होती. न्यूमोनियासाठी आली होती, बरी झाली होती, दुसऱ्या दिवशी घरी जायची होती. ती विष्णुपुरीच्या पुढच्या एका खेड्यातली. आई घरी दहा दिवसांची बाळंतीण, बाप ट्रकवर, कुठल्या राज्यात आहे ते त्यालाच ठाऊक. म्हणून इथेही आजीच होती. काटकी, ताठ कण्याची, दातांना मिसरी, हिरवं सुती लुगडं. हात धुवायला शिकवलं की लोक माझ्या समाधानासाठी बोटं ओली करतात. ही बाई मात्र मनगटापर्यंत फेस काढायची, नखं चोळायची, आणि मग पदराला हात न पुसता हवेत वाळवायची. पदराला पुसू नका हे मी एकदाच सांगितलं होतं. मी शिकाऊ पोरींना तिच्यासमोर उभं करून म्हटलं होतं, "बघा, असं धुवायचं." ती नुसती हसली होती. मला ती फार आवडायची.

मी नियम लावले. आजारी खाटांना लाल पट्टी. प्रत्येकीची वेगळी बादली, वेगळा थर्मामीटर. कुणी कुणाच्या खाटेवर बसायचं नाही. भेटायला जीप भरून येणारं गाव फाटकातूनच परत. घरचा डबा एकमेकींत वाटायचा नाही, आणि हे आमच्याकडच्या बायांना सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. ओआरएसचं पाणी वॉर्डातच तयार होणार आणि ते मी किंवा ड्युटीवरची सिस्टर हातानं वाटणार. एकाच मोठ्या जगमधून सगळ्यांना द्यायचं, म्हणजे जगची चोच कुणाच्याही पेल्याला लागता कामा नये. भांड्याला भांडं लागलं की जंतू पुढच्या खाटेवर. म्हणून मी रीत काढली. पेला लांब धरायचा, मी वीतभर वरून धार सोडणार. पहिल्याच फेरीत मी ते इतकं सफाईनं केलं की शिकाऊ पोरी बघत राहिल्या.

पाच नंबरच्या आजीनं पेला पुढं केला. धार पडत असताना तिनं आधी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्या हाताकडं.

"समद्यांलाच असं हाय का, बाई?"

"सगळ्यांना, आजी. नियम म्हणजे नियम."

ती नातीला चमच्यानं पाणी पाजत बसली.

नियम लावले आणि तरी चौथ्या दिवशी तीन नंबरची खाट आजारी पडली. मी हैराण झाले. गळतंय कुठून तेच कळेना. नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, सलाइनचे स्टँड, सगळ्यांवरून कापसाचे बोळे फिरवून तपासायला पाठवले. काही सापडेना तसा माझा पारा चढत गेला आणि तो जाऊन पडला वॉर्डातल्या मावशीवर. फरशीचं फडकं लाल पट्टीच्या खाटांसाठी वेगळं वापरत नाहीस, तुझ्यामुळंच पसरतंय, असं मी तिला भर वॉर्डात सुनावलं. मावशी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिनं कोपऱ्यातली दोन फडकी उचलून दाखवली, एक लाल दोऱ्याचं, एक पांढऱ्या. मग परत पिळायला गेली. माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले तर पाच नंबरची खाट रिकामी. सलाइनची नळी स्टँडवर नीट गुंडाळून ठेवलेली, चादर घडी केलेली, पेला धुवून उपडा घातलेला. कुणी म्हणालं पहाटेच्या पहिल्या बसनं गेली. मुलीच्या हातातली सुई काढलेली नव्हती, ती तशीच गेली होती.

डॉक्टर चष्मा पुसत होते. "काल दिवसभरात पंधरा वेळा झालीय तिला," ते म्हणाले. "निम्मी सलाइन राहिली होती. आज पाणी अंगात गेलं नाही तर संध्याकाळ अवघड आहे. आणि घरात दहा दिवसांचं बाळ आहे." चष्मा घातला, परत काढला. "बापाचा फोन बंद आहे. तुम्ही जा."

मी ॲम्ब्युलन्स मागणार होते. मावशी फडकं टाकून पुढं आली. "गाडी नगं. गाडी बगून वस्ती गोळा व्हईल, अन् म्हातारी अजून ताठंल. ऑटो करू. म्या येते, मला ती वस्ती ठाव हाय." कालच मी तिला फाडून खाल्लं होतं. आज ती माझ्याबरोबर निघाली.

ऑटोत माझं तोंड सुरूच होतं. एवढं शिकवून उपयोग काय, लेकराच्या जिवाशी खेळ, अडाणीपणाला औषध नाही, वगैरे. गोदावरीच्या पुलापर्यंत मावशीनं ऐकून घेतलं.

"अडाणी न्हाई ती," मग ती म्हणाली.

"मग अशी कशी निघून गेली?"

"तुमी पाणी वरून वतता म्हणून."

"ते जंतूसाठी आहे, मावशी! तुम्हाला तरी माहीत आहे ना?"

"मला ठाव हाय जंतूसाठी हाय. पर आमाला असं पाणी जंतू यायच्या आदीपासून वततेत. गावात पाटलाच्या दारात म्या बी असंच वंजळीनं प्यालेलं हाय, लहानपणी. ते आमच्या जातीसाठी व्हतं." ती रस्त्याकडं बघत बोलत होती. "तुमचा हात लई सफाईदार हाय सिस्टर. यक थेंब सांडत न्हाई. म्या पयल्या दिशीच बगितलं. तुमाला सांगावं कसं, म्हणून गप राहिले."

हात सफाईदार का आहे, ते मला ऑटोतच आठवलं. चाकूरच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी मी वडिलांजवळ गल्ल्याच्या बाजूला बसायचे. सामान घ्यायला आलेल्या बायांच्या पोरांना गुळाचा खडा द्यायचं काम माझं. काही पोरांच्या हातावर खडा ठेवायचा. काहींनी ओंजळ करायची आणि मी वरून टाकायचा. कुणाला कसं, हे मला कुणी सांगितलेलं आठवत नाही, पण माझी कधी चूक झाली नाही. खडा बरोबर ओंजळीच्या मध्ये पडायचा आणि वडील कौतुकानं हसायचे. वडिलांवर माझं अतोनात प्रेम होतं, आजही आहे. ते वाईट माणूस नव्हते. पण तो खडा मी वरूनच टाकत होते, आणि त्या पोरांच्या तोंडाकडं मी एकदाही पाहिलेलं आठवत नाही.

मनात ठरवलं, पाया पडायचं, माफी मागायची, समजावून सांगायचं की बाई, माझ्या मनात तसलं काही नव्हतं.

वस्ती गावाच्या बाहेर, ओढ्याच्या अलीकडं. निळा झेंडा, त्याच्या पलीकडं चार घरं सोडून त्यांचं घर. आजी घरात नव्हतीच. घराला लागून पत्र्याची एक पडवी होती, त्यात गोधडीवर मुलगी निपचित पडलेली, आणि आजी उशाशी बसलेली. मुलीचे डोळे खोल गेले होते. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू जागेवर गेली. रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. वेळ फार नव्हता.

तेवढ्यात सून दारात आली, कानाला बाळंतिणीचा रुमाल बांधलेला. तिच्या हातात तांब्या. उंबरा न ओलांडता ती वाकली, सासूनं पेला लांब धरला, आणि सुनेनं वरून धार सोडली. भांड्याला भांडं लागलं नाही.

मी बघत राहिले. माझं सगळं पाठ केलेलं भाषण विसरले.

"आजी, हे..."

"तुमीच शिकवलं न्हवं?" ती म्हणाली. "घरात तानं बाळ हाय. म्या आल्यापासून उंबरा वलांडला न्हाई. हिचं पांघरूण येगळं, पेला येगळा. पाणी उकळून." ती तिच्या नेहमीच्या आवाजात बोलत होती. "मला कळत न्हाई असं वाटलं का तुमाला?"

"मग तुम्ही निघून का आलात? पोरीचा जीव जाईल, आजी."

तिनं नातीच्या कपाळावरून हात फिरवला.

"दवाखान्यात आमाला काय काम असतंय? लेकराकडं बगायचं अन् तुमच्याकडं बगायचं. चार दिवस बगून राहिले. रोग हाय म्हणून वरून पाणी वतलं असतं तर म्या हूं का चूं केलं नसतं. पर त्या दोन नंबरच्या लेकराला बी त्योच रोग. त्याच्या आजीजवळ खाटंवर तुमी बसता. तिचा हात हातात घेता. तिच्या पेल्यात पाणी पेला धरून वतता. काल तिनं डब्यातला लाडू दिला, तुमी तितंच खाल्ला. अन् माझ्या पेल्याला मातर तुमचं भांडं लागत न्हाई. मंग मला सांगा बाई, रोग कोणचा म्हणावं म्या?"

पडवीत मावशी होती, सून होती, दोन शेजारणी उभ्या होत्या.

मला वाटलं होतं मी माझ्या मनात तसलं काही नव्हतं असं सांगेन. पण ती म्हणाली ते सगळं खरं होतं. मी बसत होते. हात धरत होते. लाडू शेंगदाण्याचा होता आणि खाताना मला चाकूर आठवलं होतं. त्या खाटेवरून उठून मी कितीदा हात धुतले? जगातल्या सगळ्या लोकांच्या हातांवर माझी नजर असते, माझ्या स्वतःच्या हातांवर नव्हती. आणि तीन नंबरची खाट दोन नंबरला लागून आहे. नळाच्या तोट्यांत, दारांच्या कड्यांत, मावशीच्या फडक्यात मी जे शोधत होते ते सापडलं. गळती माझीच होती. जिथं मी दूर राहिले तिथून आजार पुढं गेला नाही. जिथं जीव लावला तिथून गेला.

मला रडू आलं. मास्क ओला झाला. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "आजी, मला पाणी द्या. तुमच्या हातचं."

तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. मग मान हलवली.

"न्हाई देणार."

"आजी..."

"घरात आव हाय. असल्या घरचं पाणी पिऊ नये, हे तुमीच सांगितलं. उद्या तुमी बिमार पडल्या तर माझ्या लेकराला सुई कोण लावंल?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "हे पाणी माझ्या लेकरासाठी मागून राहिल्या का? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मागून राहिल्या. ते मला काय करायचं?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

"मला यवडंच सांगा," आजी म्हणाली. "उद्या सकाळी दोन नंबरच्या बाईला बी वरूनच वतणार का?"

मी त्या उदगीरच्या आजीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. विभूती, चांदीची डबी, 'ये गं अव्वा'. तिला ते किती लागेल हे मला नेमकं माहीत होतं, कारण मी तिच्याच घरातली होते.

"हो," मी म्हणाले.

"माझ्या म्होरं?"

"तुमच्या समोर."

"मंग चला," ती म्हणाली, आणि इतका वेळ ताठ बसलेली ती बाई नातीला उचलताना एकदम घाईला आली. चप्पलसुद्धा उलटी घातली. ऑटोत पूर्ण रस्ताभर ती मुलीच्या ओठांवर चमच्यानं थेंब सोडत होती आणि पुटपुटत होती, "डोळे उघड माय, डोळे उघड, गलती झाली तुझ्या आजीची." मला ते ऐकवत नव्हतं. चूक तिची नव्हती, पण तेवढ्या घाईत तिला हे कोण सांगणार, आणि मी सांगून काय उपयोग.

वॉर्डात पोचलो तसं डॉक्टरांनी स्वतः सुई बघितली, सलाइन जोडली. मी त्यांना बाहेर घेऊन सगळं सांगितलं. खाटेवर बसणं, लाडू, सगळं. चष्मा किती वेळ पुसला जाईल याची मी वाट बघत होते. त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. "तुमचाही नमुना प्रयोगशाळेत द्या," एवढंच म्हणाले. "आणि चूक फडक्याची नव्हती, हे मावशींना सांगितलंत का?" मी मावशीला शोधत गेले. ती बादल्या घासत होती. मी माफी मागितली तर म्हणाली, "बाजूला सरका सिस्टर, फरशी वली हाय."

त्या दिवशी मुलीच्या खाटेपासून मी हलले नाही, फक्त खाटेवर बसले नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. थेंब मोजत होतो, नाडी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला आजी जोरात ओरडली आणि मी धावले. मुलीनं भरभरून शू केली होती. चादर, गोधडी, आजीचं लुगडं, सगळं भिजलं होतं. शू म्हणजे मूत्रपिंडं चालू, म्हणजे पाणी अंगात गेलं. आजी ओलं लुगडं दोन्ही हातांनी धरून दाखवत होती, जसं काही कुणी नवं पातळ नेसवलंय. डॉक्टर, मावशी, शिकाऊ पोरी, सगळे त्या ओल्या चादरीभोवती उभे राहून हसत होते. माझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं मुलीनं डोळे उघडून भात मागितला.

मग दहा वाजता ओआरएसची फेरी आली.

मी हात धुतले, जग भरला आणि पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. दोन नंबरच्या आजीनं नेहमीसारखा पेला माझ्या हातात द्यायला पुढं केला. नातू तिचा बरा होत होता, उशीला टेकून खेळत होता. मी पेला घेतला नाही. दोन पावलं मागं उभी राहिले आणि जग वर उचलला.

"अगं, जवळ ये की अव्वा. लांब कामून उभारलीस?"

"आजी, पेला लांब धरा. भांड्याला भांडं लागायला नको. नियम माझाच आहे, तुमच्याकडं मी तो मोडला होता. त्यानं दुसऱ्या लेकराला आजार लागला."

तिला आधी कळलंच नाही. मग तिची नजर माझ्या उचललेल्या हाताकडं गेली, धार जिथून पडणार होती तिथं. असं पाणी कुणाला ओततात हे तिला पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. तिनं आयुष्यभर स्वतःच्या हातानं ओतलं असेल. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला?" ती म्हणाली. "मला वरून?"

तिनं पेल्यावर पदर झाकला. डोळे डबडबले. पूर्ण वॉर्ड आमच्याकडं बघत होता. मला तिचा हात धरायचा होता. आईसारखी वाटायची ती मला, तिला असं सगळ्यांसमोर लहान झालेलं मला बघवेना. जग धरून माझा खांदा दुखायला लागला, पण मी तो खाली केला नाही.

पाच नंबरवर आजी नातीला भाताची पेज भरवत होती. तिनं चमचा वाटीत ठेवला आणि मान वळवली. ती आता काहीतरी टोचून बोलणार, आणि तिला ते बोलायचा हक्क आहे, असं मला वाटलं. टोचून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. पण शेजारणीला धीर द्यावा तशी ती दोन नंबरच्या आजीला म्हणाली, "घ्या वो माय. पयले दोन दिस जड जातंय. मंग सवय व्हती."